मुराळी गेला खामगावला

रस्ता चुकला म्हणतेत? मी? दाजीला म्हणावं, जबान सांभाळा! सेलू ते खामगाव, कुठल्या वळणावर केवढा खड्डा हाय ते मी डोळे झाकून सांगतो. रस्ता एक इंच चुकला न्हाई. चुकलं ते गाव चुकलं. ह्यात फरक हाय का न्हाई? तुमीच सांगा, विठ्ठलराव!

आमचे दाजी, म्हंजी शांताचे मालक, सेलूच्या बाजारात बसून अर्धीच गोष्ट सांगायलेत आन् लोक पोट धरून हसायलेत. हसू द्या, माझं काय न्हाई. पण पुरं ऐकून हसा ना! घ्या, चहा घ्या. माझा येडेपणा माझ्याइतका चांगला दाजीला सांगता येणार न्हाई.

गाडी तर तुमाला ठाऊक हाय. कालव्यावरचा ओव्हरसेर बदलून गेला तवा त्याच्याकडून घेतली. लाल टाकी, दोन सायलेन्सर, दोन्ही अंगाला पत्र्याच्या पेट्या. ओव्हरसेर हिच्यावर बसून पार गोव्यापस्तोर जाऊन आल्ता. गावातल्या गावात दूध घालत फिरायची गाडीच न्हाई ही. पयल्या चार कोसात नुसती खोकती. दहा कोसाला गळा मोकळा होतो. आन् वीस कोस झाले की अशी गायला लागती, अशी गायला लागती, की बसणाऱ्याला वाटावं मुकाम येऊच नये! मी साळा शिकलो दोन यत्ता. पण हिचा आवाज ऐकून हिला काय दुखायलंय ते सांगतो. बायकोचं नसंल सांगता आलं कवा.

आता माझी एक खोड ऐका. निघालेल्या माणसाला "कुठं?" म्हणून इचारू नये, आन् मागून हाक मारू नये. हे आपल्याकडं लेकराला बी ठाऊक हाय. कुणी इचारलंच, तर माघारी यावं, पाटावर टेकावं, घोटभर पाणी प्यावं, मंग निघावं. बैलगाडी व्हती तवर कुणी इचारीत नव्हतं. ती रानात जाणार, दुसरीकडं कशाला जाती? पण मोटारसायकल काढली की साऱ्या गावाला एकच खाज! "काय ग्यानबाराव, कुठं?"

एकदा इचारलं, मानवतला पंक्चर! दुसऱ्यांदा इचारलं, पाथरीच्या अलीकडं चैन तुटली! तिसऱ्या बारीला माझं डोस्कं फिरलं. मारुतीच्या पारावर चढलो आन् वरडून सांगितलं, "आजपसून जो कुणी मला कुठं म्हणील, त्याच्या दारात गाडी घालीन!"

गाव शाणं. गावानं इचारायचं सोडून दिलं. तिथंच माझा घात झाला.

शांता माझी धाकटी बहीण. तवा खामगावच्या जिनिंगात दाजी फिटर, म्हणून ती तिकडं वऱ्हाडात. पन्नास-पंचावन्न कोस लांब. पंचमीला तिला आणायला मुराळी म्हणून मीच जायचा. आता मुराळ्याचं काय असतंय, तुमी जाणता. पंचमीला साऱ्या लेकी म्हायेरी जायच्या, झोके घ्यायच्या, आन् जिचा भाऊ आला न्हाई तिनं दार लावून बसायचं. शांता आठ दिस आधीपसून वाटंला डोळे लावून बसायची. तिला एवढीच एक हौस, आपला भाऊ लाल गाडीवर आलेला साऱ्यांनी पाहावा.

गेल्याच्या मागल्या साली पंचमी दोन दिसावर आली. सकाळीच मायनं एका पेटीत लाह्या भरल्या, तंबिटाचे लाडू भरले. मी कानाला रुमाल बांधला, किकवर पाय ठिवला. तवर बायको आली.

"आवं, दुसरा डबा कुठं ठिवू?"

"काय म्हणलीस?"

"डब्याचं इचारलं मी!"

"कशाचं का असंना! कुठं म्हणलीस का न्हाई?"

उतरलो. घरात गेलो. पाटावर टेकलो, पाणी पेलो, परत आलो. माय वट्ट्यावर कपाळाला हात लावून बसली व्हती.

गाडी चालू केली, तर समोरून पोस्टमन सायकल दामटीत येतोय. आपल्या गावाला टपाल आठवड्यातून दोनदा. नेमकं त्याच दिशी यायचं व्हतं त्याला. हातात कार्ड धरून त्यानं हात वर केला.

"ग्यानबाराव! कुठं निघालात? हे बगा, शांताबाईचं..."

"तुमाला काय येगळं सांगायचं का पारावर चढून?"

"आवो, कार्ड तर ऐका!"

"मायला वाचून दाखवा!"

आता नेमानं मी परत पाटावर टेकायला पायजे व्हतं. पण म्हणलं, असं टेकत बसलो तर हितंच पंचमी व्हईल. पाणी मोरं मंठ्याला पिऊ. घातला गेर. मागून मायचा आवाज, "ग्यानबा! आरं ए ग्यानबा!" सख्खी माय मागून हाक मारती! रागारागानं गाडी अशी पळिवली की कोंबड्या झाडावर चढल्या.

सेलूत पोचलो तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी यायची व्हती. मी गाडी चालूच ठिवली, कारण एकदा तापली की लवकर चालू व्हत न्हाई. कानाला रुमाल, वर दोन सायलेन्सर. त्यात मागून बाईचा आवाज, "ए दादा! दादा, थांब!"

आता तुमी सांगा, बाजारगावात कोण कुणाचा दादा न्हाई? मी काय वळून पाहिलं न्हाई. पण सकाळपसून चौथी खेप व्हती! तोंड समोर ठिवूनच वरडलो, "कोण हाय गं ती? मागून हाका मारायला लाज वाटत न्हाई? एवढी हौस असंल तर तुझ्या भावाला मार हाका!"

फाटक उघडलं. मी सुटलो.

आन् काय सुटलो म्हणता! मंठा मागं पडला, लोणार मागं पडलं. दोन्ही अंगाला मूग, ज्वारी, वर ढगाची सावली. मडगाटात काळा चिखल बसला की उतरायचं, बाभळीच्या काडीनं काढायचा, परत बसायचं. गाडी गायला लागली व्हती. मी बी लागलो. राग कुठल्या कुठं गेला. खरं सांगतो, त्या गाडीवर वीस कोसाच्या मोरं मी लय चांगला माणूस असतो.

मेहकरला चहाला थांबलो. तिथं एक ट्रकवाला, कापसाच्या गठाणी न्यायचा खामगावच्या जिनिंगातून. माझ्याकडं बघून हसला.

"तुमी त्या फिटरचे साले ना? मंग इकडं कुठं?"

माणूस भला व्हता. वळखीनं बोलत व्हता. तरी मी काय म्हणलो असंल? "तुमी तुमची गाडी हाका!" तो बिचारा कप ठिवून गेला.

चार वाजता खामगाव. शांताच्या दारापुढं गाडी लावली, दोनदा हार्न मारला, मिशीवर हात फिरविला. दार उघडलं. आत कोण? लुंगी-बनियनवर एक गडी! निजून उठलेला, तोंडात दातवण!

बहिणीच्या घरात परका माणूस, ते बी लुंगीवर! मी पायरीवर उडी मारून त्याचं बनियन धरलं.

"कोण रे तू? माझ्या बहिणीच्या घरात तू कोण?"

"मी राह्यतो न भाऊ इथं! मी नवा फिटर व्हय!"

"आन् जुना फिटर कुठं हाय?" म्हणलं. बगा, 'कुठं' मीच म्हणलो!

"ते त गेले न. पंधरा दिवस झाले. सेलूले गेले, तिकडच्या जिनिंगात."

"कोणतं सेलू?"

"सेलूच जी! परभणी जिल्ह्यातलं. तुमी कुठून आले?"

"मी... मी सेलूवरूनच आलो."

"मंग तेथंच काऊन नाही थांबले जी?"

आतून त्याची बायको म्हणती, "भाऊले बसू त द्या. पन त्याईले म्हना, आंधी बनियन सोडा."

सोडलं. पण तवर ते खांद्यापसून बेंबीपस्तोर फाटलं व्हतं.

पाणी दिलं, चहा दिला. दोघं बी हसायचं दाबून बसली. शेवटी फिटर हळूच म्हणला, "आता कुठं जासान, भाऊ?"

विठ्ठलराव, जन्मात पयल्यांदा मला त्या इचारण्याचा राग आला न्हाई. मलाच ठाऊक नव्हतं ना!

त्या भल्या माणसानं मुकामाला ठिवून घेतलं. ज्याचं बनियन फाडलं, त्याच्याच चादरीवर निजलो. अर्धे लाडू त्याच्या लेकरायला वाटले. आन् पहाटं माघारी. तोच रस्ता, तेच खड्डे, पण गाडी काय गाईना. का मलाच ऐकू येईना, कोण जाणे.

दुपारी सेलू. चार जणायला इचारत गेलो. "ते नवे फिटर? फाटकापसल्या गल्लीत." गल्ली कोणती? मी काल उभा व्हतो ना, त्याच्या मागली. तीस पावलं बी न्हाईत!

शांता पायरीवर बसलेली. शेजारी बांधून ठिवलेली ट्रंक. हातात नव्या बांगड्या, केसात सुकलेला गजरा. कालचाच.

"शांते!"

उठली न्हाई. "कोण पायजे?"

"आगं मी! दादा!"

"माझा दादा काल गेला हितून. मी फाटकापस्तोर पळत गेले. दादा दादा म्हणून गळा बसला माझा. तर म्हणतो, तुझ्या भावाला मार हाका."

कानाचा रुमाल सोडला आन् खिशात कोंबला.

"साऱ्या गल्लीला सांगून ठिवलं व्हतं," शांता म्हणली, आन् तिला रडू फुटलं. "नवी गल्ली, कुणाची वळख न्हाई. म्हणलं, माझा भाऊ येणार, लाल गाडीवर येणार. बाया वट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या. आन् तू साऱ्यायपुढं माझी इज्जत घालवून निघून गेलास. आता मी काय येत न्हाई."

आतून दाजी बाजेवर पडल्या पडल्या म्हणतेत, "काय मेव्हणे, खामगावची हवा कशी काय?" बहीण समोर नसती तर त्या बाजेसकट उचलून फाटकावर नेऊन टाकले असते!

"शांते, चुकलं. पाया पडतो. चल."

तिनं डोळे पुसले. "मंग फाटकापसून परत ये. दर दारापुढं गाडी थांबीव, आन् सांग तू कोण हायस ते."

"मी? लोकाच्या दारापुढं?"

"न्हाई तर जा खामगावला."

राग टाळूपस्तोर गेला व्हता. पण त्या ट्रंकीकडं नजर गेली. बिचारीनं रातभर ती सोडली नव्हती. गाडी फिरविली.

सात दारं, विठ्ठलराव. सातीच्या साती दारात बाया. पयलीच म्हणती, "काय दादा, कुठं निघालात?" आन् साऱ्या पदरात तोंड घालून हसायल्या. दात खाल्ले आन् म्हणलं, "मुराळी हाय. शांताबाईचा भाऊ. बहिणीला न्यायला आलोय." चौथ्या दारात एक म्हातारी, कानानं बहिरी. तिला ऐकू जावं म्हणून गाडी बंद केली, तीनदा सांगितलं. मंग ती तापलेली गाडी चालू व्हईना! किकवर किक, किकवर किक, आन् बाया मोजायल्या, "आठ... नऊ... धा..." म्हातारीनं माझ्या हातावर मूठभर लाह्या ठिवल्या आन् म्हणली, "भाऊ गुणाचा हाय गं पोरीचा. थोडा येडा हाय, पण गुणाचा हाय."

शांता तवा हसली. ट्रंक पेटीवर बांधली, माझ्या मागं बसली, आन् साऱ्या गल्लीला हात दाखवीत निघाली. पाच कोस घरापस्तोर बोलत व्हती. मी पाच कोस खड्डे चुकवीत व्हतो.

घरी मायनं एवढंच म्हणलं, "आरं, दुसऱ्या बारीला बी पाटावर टेकला असतास, तर कार्ड ऐकून निघाला असतास." म्हंजी माझा नेम मीच पाळला असता तर वाचलो असतो. आता कुणाला काय म्हणावं?

पंचमी झ्याक झाली. शांतानं झोका असा चढविला की बाया खालून वरडायल्या.

पण गल्ली काय इसरली न्हाई. गेल्या साली गेलो, तर फाटकापसूनच साऱ्या बाया एका सुरात, "ए दादा! दादा, थांब!" एक जण तर फाटकावानी घंटीच वाजवीत व्हती. म्हातारी चौथ्या दारात परत लाह्या घेऊन उभी.

परवा पंचमी हाय. शांता ट्रंक भरून बसली असंल. पन्नास कोस सांगा, आत्ता निघतो. शंभर सांगा, पाणी न पिता निघतो. पण फाटकापसून तिच्या दारापस्तोर माझ्यानं जाववत न्हाई. मी अलीकडं गाडी चालू ठिवून थांबतो. तुमी चालत जा, ट्रंक उचला, तिला घेऊन या. कोण म्हणून इचारलं तर गावचा हाय म्हणा, माझं नाव काढू नका. तिघं बसणार न्हाईत, तवा येताना तुमी एसटीनं या.

कप ठिवा खाली. उठा. बसा मागं.