हात खाली, सुटे उभे राहा

आमच्या शाळेचे फोटोवाले काका भारी खडूस. वर्गाचा फोटो काढायला आले की आधी आमच्यावर डाफरून घ्यायचे. "ए, खांद्यावरचा हात काढ! चिकटून काय उभे राहता? सुटे राहा, सुटे!" आम्ही त्यांना 'सुटे काका' म्हणूनच चिडवायचो.

कारण कळलं ते त्याच शाळेत मास्तर झाल्यावर. माझा एक पाय अधू, म्हणून फौजेच्या भरतीवाल्यांनी मला हाकललं; वर्गातले बाकीचे गेले. शेवटची परीक्षा संपली की भरतीची गाडी फाटकाशीच उभी असते. लढाई थांबते, दम खाते, पुन्हा जुंपते. पोरगा गेल्याची खबर आली की घरचे काकांच्या दुकानात येतात. बहुतेकांकडे फोटो एकच, शाळेतला. त्यातला चेहरा काका वेगळा काढून मोठा करून देतात. पहिल्या लढाईत एका आईने विचारलं होतं, "माझ्या लेकराच्या खांद्यावर हा हात कोणाचा?" हात ज्याचा, त्याची आई तिच्याच मागे उभी होती. तेव्हापासून काका मुलांना सुटं उभं करायला लागले.

मग त्यांचाच नातू शेवटच्या वर्गात आला. लेकीचा एकुलता एक. त्याला मिसरूड फुटल्यापासून काकांनी त्याचा एकट्याचा असा एकही फोटो काढला नव्हता. असले फोटो कशाला लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फोटोच्या दिवशी मुलं सवयीने सुटी उभी राहिली. काका कॅमेऱ्यामागून बाहेर आले. "जवळ या रे. आणखी जवळ. घाला एकमेकांच्या गळ्यात हात!" मुलं खिदळत एकमेकांवर कोसळली. काका मला हळूच म्हणाले, "मास्तर, आता यातून कोणाला वेगळं काढतात बघू."

म्हातारा लढाईलाच गंडवायला निघाला होता. मला हसू आलं, आणि खरं सांगतो, जमेल असंही वाटलं.

वर्ष सरायच्या आत नातू गेल्याची खबर आली. मी दुकानात काकांजवळ बसलो होतो, तेव्हा त्यांची लेक आली.

"बाबा, त्याचा चेहरा मोठा करून द्या."

मिसरूड फुटल्यानंतरचा त्याचा फोटो तेवढा एकच, वर्गाचा. काकांनी त्याची निगेटिव्ह उजेडात धरली. हसता हसता पोरगा मित्राच्या डोक्याआड गेला होता. एक कान आणि थोडे केस, एवढंच दिसत होतं. काकांनी ती पुसली, पुन्हा धरली.

"यात तो नीट आलाच नाही गं."

लेक रडली नाही, संतापली. "सगळ्यांना त्यांची पोरं नीट काढून दिलीत, बाबा. माझंच तेवढं नाही?"