गाडीच्या बॅटरीत किती उरलंय

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, बेंगळुरूच्या एका कन्नड शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवत होती. निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत तिची फुप्फुसं थकली. तेव्हापासून ती ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेली असते. हे यंत्र खोलीतली हवा ओढून घेतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि बारीक नळीतून अक्काच्या नाकाशी आणून सोडतं. त्याला सतत वीज लागते. यशवंतपूरच्या आमच्या घरी लाइट गेले तरी इन्व्हर्टर असतो, पलंगाशेजारी सिलिंडर उभा असतो. त्यामुळे घरात ती निर्धास्त होती. फक्त घर सोडता येत नव्हतं.

मी यंत्रांच्या कारखान्यात नोकरी केली. ती संपल्यावर एक जुनी मिनीबस घेऊन तिची फिरती खोली केली होती. आत पलंग, छोटा ओटा, छतावर सोलर पॅनल, पलंगाखाली लिथियमच्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. कुठेही उभी करा, बाहेरच्या विजेची गरज नाही. मी त्यात दिवा, पंखा आणि लॅपटॉप चालवत असे, आणि बॅटरीत किती उरलंय याचा विचार क्वचितच करत असे.

एके दिवशी अक्का त्या गाडीकडे खिडकीतून बघत म्हणाली, "तुझ्या गाडीत माझं मशीन चालेल काय रे?"

"कुठे जायचंय तुला?"

"म्हैसूरच्या पुढे एक तळं आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हंस येतात, मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून. एवढी वर्षं पोरांना नकाशावर बोट फिरवून सांगितलं. मी स्वतः एकदापण नाही बघितले."

अक्काची मुलगी व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन केला तेव्हा ती आधी घाबरली, मग डॉक्टरांशी बोलली, मग शनिवारी येऊन माझ्यासोबत गाडीत बसली. मला वाटत होतं, एक वेगळा बॅटरी मॉनिटर बसवावा. तिला ते पटेना.

"मामा, सोलरच्या कंट्रोलरचं ॲप आहे ना? त्यात बॅटरी किती टक्के ते दिसतं. इन्व्हर्टरवरही डिस्प्ले आहे. तिसरं यंत्र कशाला? जेवढ्या वस्तू जास्त, तेवढ्या बिघडायच्या जागा जास्त."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या दिव्या-पंख्याला ते ॲप पुरत होतंच. आम्ही ठरवलं, आधी घरासमोर गाडी उभी करून चाचणी घेऊ. अक्का म्हणाली, "सरी, ठीक आहे, मग मीच बसते. बसायचं मलाच आहे ना?" सिलिंडर हाताशी ठेवला आणि तिला गाडीत नेलं.

सकाळ छान गेली. अक्का पलंगावर टेकून पेपर वाचत होती, यंत्र आपलं फुसफुसत होतं. भाची मधूनमधून फोन बघून आकडा सांगायची. दुपार कलली तरी ॲपमध्ये अर्ध्याहून जास्त बॅटरी दिसत होती. तेवढ्यात इन्व्हर्टरने एक लांब शिटी दिली आणि सगळं बंद झालं. यंत्राचा आवाज थांबला की किती शांत होतं, ते मला तेव्हा कळलं. भाचीने नळी सिलिंडरला जोडली. अक्काने डोळे मिटून दोन-चार श्वास घेतले, मग डोळे उघडून विचारलं, "तो आकडा येतो कुठून?"

मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता मलाच नीट उमगत गेलं. ॲपचा आकडा म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज. जुन्या बॅटऱ्यांत तो बराचसा जमायचा. लिथियमची बॅटरी भरलेली असो की अर्धी, व्होल्टेज जवळजवळ तेवढाच राहतो आणि अगदी शेवटी एकदम कोसळतो. शिवाय पॅनलकडून किती वीज येते तेवढं कंट्रोलरला ठाऊक असतं. दुसऱ्या बाजूने इन्व्हर्टर किती ओढून नेतो, ते त्याच्या नजरेलाच येत नाही.

"म्हणजे टाकीत किती पडतं ते दिसतं, खालचे नळ किती उघडे आहेत ते दिसत नाही," अक्का म्हणाली.

"तसंच."

भाचीने फोनमधलं ॲप बंद केलं. मग म्हणाली, "मॉनिटर बसवूया, मामा."

त्या मॉनिटरचा खरा भाग म्हणजे शंट, बोटभर लांबीची धातूची पट्टी. बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला ती बसते आणि आत येणारी, बाहेर जाणारी सगळी वीज तिच्यातूनच जावी लागते. वीज जाताना पट्टीच्या दोन टोकांत अगदी सूक्ष्म फरक पडतो. तो मोजत मोजत मॉनिटर दर क्षणाची बेरीज-वजाबाकी करत राहतो. कारखान्यात मी जन्मभर मापं घेतली, तरी ती पट्टी हातात धरल्यावर मला नवल वाटलं. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी तिच्यातून वाहणार होतं, आणि ती त्याला जराही न अडवता त्याचा हिशेब ठेवणार होती.

पहिल्यांदा बसवली तेव्हा आकडे जुळेनात. शोधल्यावर दिसलं की इन्व्हर्टरची एक तार पट्टीला वळसा घालून थेट बॅटरीला लागलेली होती. ती पट्टीच्या पलीकडे घेतली, पुन्हा चाचणी केली. या वेळी मॉनिटरने जेवढं सांगितलं तेवढंच यंत्र चाललं. डॉक्टरांनी होकार दिला, सोबत जास्तीचा सिलिंडर ठेवायला सांगितलं, आणि जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही निघालो.

तळ्यावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं एवढं की पाण्याचा काठही दिसेना. पक्षी बिचकू नयेत म्हणून मी इंजिन बंद केलं. वाटेत इंजिन बॅटरीही भरत होतं, आता सगळा भार बॅटरीवर होता. मॉनिटरवर उणे चिन्ह होतं, शेजारी आकडा, आणि त्याखाली किती तास पुरेल ते. पॅनलवर ऊन नव्हतं, तास हळूहळू कमी होत होते. भाची एकदा धुक्याकडे बघायची, एकदा मॉनिटरकडे.

"परत फिरायचं का, आई?"

अक्काने तिलाच विचारलं, "किती उरलंय?"

भाचीने सांगितलं.

"मग दुपारपर्यंत भीती नाही. स्वल्प थांबूया."

तो मॉनिटर नसता तर मी तेव्हाच इंजिन सुरू केलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

धुकं वर सरकायला लागलं ते खालून. आधी ओल्या गवताची पट्टी दिसली, मग नारिंगी पाय, पुष्कळ पाय, आणि मग एकेक करून राखाडी अंगं आणि पांढरी डोकी. प्रत्येक डोक्यामागे दोन काळे पट्टे. तळ्याकाठचं अख्खं शेत भरलं होतं. ते शांतपणे चरत होते, अगदी गाईगुरांसारखे. अक्काने खिडकीची काच खाली केली. थंड हवा आणि त्यांचा घोगरा कलकलाट आत आला.

"हिमालयात जिथे माणूस दहा पावलं चालून दम लागून बसतो, तिथून हे पंख मारत येतात," ती हलकेच म्हणाली. "तिथली हवा किती विरळ असेल. काय छाती दिलीय यांना." नाकाखालची नळी तिने जराशी सारखी केली आणि पुन्हा बघत राहिली. भाचीने माझा दंड घट्ट धरला होता.

मग ऊन आलं. मी मॉनिटरकडे पाहिलं. उणे आकडा लहान लहान होत गेला, शून्यावर क्षणभर थबकला, आणि उण्याच्या जागी अधिक चिन्ह उमटलं. मी तिकडे बोट दाखवलं.

अक्काने चष्मा सावरून वाचलं. "म्हणजे आत्ता माझं मशीन कशावर चाललंय?"

"उन्हावर. आणि वर थोडं बॅटरीत साठतंय."

ती एकदा छताकडे बघून मग बाहेर बघू लागली. शेतातही तेच ऊन पडलं होतं. अचानक काठावरचे थोडे उठले, त्यांच्यामागे सगळे, आणि आमच्या गाडीवरून तो थवा एवढा खालून गेला की पंखांचा वारा आत लागला. अक्काचा चेहरा मी लहानपणापासून बघत आलो, पण असा कधी पाहिला नव्हता.

हल्ली अशा गाड्या बांधणारे ओळखीतून फोन करतात, वेगळा मॉनिटर लागतोच का म्हणून. मी त्यांना विचारतो, तुमच्या बॅटरीवर काय चालणार आहे? दिवा आणि मोबाइल असेल तर ॲपवर भागतं. काही बॅटऱ्यांत हा हिशेब ठेवणारी सोय आतच असते, ती आधी तपासा. पण जे बंद पडून चालणार नाही असं काही असेल, तर बसवा.

परतताना मद्दूरला थांबलो. अक्काने गाडीतच बसून वडा मागवला, चटणी कमी पडली म्हणून पुन्हा मागितली, आणि हात पुसत भाचीला म्हणाली, "आता समुद्राचं बघ."