म्हशीच्या नावावर पळणारा फुलबॅक

कोल्हापुरात मिशीवाला, बायकापोरांचा माणूस भर रस्त्यातून पळताना दिसला, की समजावं घरात कुणी तरी अत्यवस्थ आहे, नाही तर मागं पोलीस लागलेत, नाही तर जनावर सुटलंय. याखेरीज पळण्याला काही कारण असू शकतं हे आमच्या पेठेला चौऱ्याहत्तर सालापर्यंत ठाऊक नव्हतं. व्यायाम म्हणजे तालमीत, दार लावून, तांबड्या मातीत घाम गाळायचा. रस्त्यावर घाम गाळणं हे हमालाचं काम, नाही तर चोराचं. ते नवं कारण पेठेत आणलं मगदूम मास्तरांनी, आणि त्याची सगळ्यात जास्त शरम वाट्याला आली सयाजी नलवड्याच्या.

सयाजी हा चिंचबाग तालमीच्या फुटबॉल संघाचा फुलबॅक, म्हणजे गोलापुढचा राखणदार. वय चाळिशीकडे झुकलेलं, पोट त्याच्याही पुढं झुकलेलं. गंगावेशीच्या अंगाला त्याचा गोठा होता. संध्याकाळी चंद्री नावाची आपली लाडकी म्हैस तो दूधकट्ट्यावर नेऊन उभी करी आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देई. पहिला पेला चाखायचा मान स्वतःकडे ठेवलेला; त्या मानाचं वजन त्याच्या कमरेभोवती दिसत असे.

मैदानात सयाजी जागचा हलत नसे. त्याला गरजही वाटत नसे. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन यायचा, सयाजीला धडकायचा आणि परत आपल्या घरी जायचा. बगल देऊन जावं म्हटलं तर वळसा फार लांबचा पडे. मग सयाजी चेंडूला असा टोला हाणी, की गॅलरीतली माणसं आधी डोकी खाली घालत आणि मग टाळ्या वाजवत.

एवढं असून चिंचबागेनं कप कधी जिंकला नव्हता. तालमीच्या भिंतीवर कुस्तीच्या गदा होत्या, ढाली होत्या. फुटबॉलच्या कपासाठी ठोकलेल्या फळीवर मात्र पणती आणि तेलाची बाटली. संघ फायनलपर्यंत जायचा आणि तिथं मार खायचा. पूर्वार्धात वाघ, उत्तरार्धात जेवून उठलेलं वऱ्हाड! शेवटच्या घटकेला अकराच्या अकरा जण गुडघ्यावर हात ठेवून उभे आणि चेंडू बिचारा एकटाच गोलात जातोय, हे दृश्य पेठेनं इतक्यांदा पाहिलं होतं, की लोक उत्तरार्धात चहाला जात. सयाजीनं बायकोला सांगून ठेवलं होतं, "अंबू, एकदा त्यो कप ह्या हातात येऊ दे. मग बूट गोठ्यात टांगतो का न्हाय बघ."

अशा वेळी तालमीचे अध्यक्ष गणपतराव यांनी कुरुंदवाडहून पार्श्वनाथ मगदूम यांना आणलं. शाळेत कवायतीचे मास्तर, पतियाळाला जाऊन फुटबॉलचं शिक्षण घेऊन आलेले. अंगानं उदबत्ती. दिवस मावळायच्या आत जेवणारा, कांदासुद्धा न खाणारा हा माणूस तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या तालमीला दम शिकवणार, यावरच पेठ दोन दिवस हसली.

पहिल्या दिवशी मास्तरांनी चेंडू आणलाच नाही. म्हणाले, "आधी पळा."

"कुठं?" सयाजीनं विचारलं.

"कुठंही."

"मास्तर, चेंडू पळतोय की वो! मग आमी कशापायी पळायचं?"

तालीम खदाखदा हसली. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "चेंडूला धाप लागत नाही सयाजीराव," ते म्हणाले. "तुम्हाला लागते."

तालीम पुन्हा हसली. या खेपेला सयाजी सोडून.

मास्तरांनी मॅचच्या दिवशी दूध बंद केलं, आदल्या दिवशी रस्सा बंद केला, आणि नियम घातला: रंकाळा तलावाचा पुरा फेरा धावत घ्यायचा. काठावरच्या टॉवरपासून निघायचं, शालिनी पॅलेसवरून वळून पुन्हा टॉवरला यायचं. "वेळ किती का लागेना. पण थांबायचं नाही. जो थांबला तो फायनलला पहिल्या अकरांत नाही. दम म्हणजे जोर नव्हे. दम म्हणजे न थांबणं."

परीक्षेला सगळी पेठ टॉवरपाशी जमली. पोरं एकेक करून लालबुंद तोंडानं, पण धावत, परत आली. सयाजी आला नाही. बऱ्याच वेळानं फुलेवाडीकडून वैरणीची एक बैलगाडी हळूहळू येताना दिसली. गाडी टॉवरपाशी थांबली, तेव्हा गवताच्या भाऱ्यांमागं एक बूट दिसला. मागाहून सयाजी दिसला. लोक पांगल्यावर हळूच उतरू, असा त्याचा बेत होता. पण गाडीवानानं पेठेची गर्दी बघून मोठ्यानं हाक दिली, "पावणं, उतरा की! रंकाळा आला!"

त्या दिवशी सयाजीनं कट्ट्यावर म्हैस नेली नाही. गिऱ्हाइकांना तोंड दाखवणं नको वाटलं. संध्याकाळी तो मास्तरांच्या खोलीवर गेला आणि दारातच उभा राहून बोलला, "मास्तर, आणि एक डाव द्या. पर एकट्याला. लोकास्नी कळू देऊ नका."

"दिला," मास्तर म्हणाले. "फायनलच्या आधीच्या रविवारी. मी एकटाच उभा राहीन."

आता सराव करायचा म्हणजे पळायचं, आणि पळायचं म्हणजे दिसायचं. सयाजीनं रात्रभर विचार केला आणि पहाटे दावं हातात घेऊन घराबाहेर पडला. पळता पळता अधूनमधून हाक द्यायची: "चंद्रेऽऽ! हैक, चंद्रे!" झालं. रस्त्यावर पळायला आपल्या शास्त्रात जी कारणं मान्य आहेत, त्यांतलं एक हाताशी होतं.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यानं विचारलं, "सुटली काय वो म्हस?"

"व्हय की! दावं तोडून गेली!" म्हणत सयाजी पुढं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला म्हणाला, "परत?" तिसऱ्या दिवशी तो पीठभरल्या हातानं दिशा दाखवून म्हणाला, "मघाशी एक तिकडं गेली." आमच्या पेठेला माणसाच्या दुःखात शिरायची फार हौस. आठवड्याभरात अर्धी पेठ चंद्रीच्या मागावर लागली. कुणी सोबत थोडं पळे, कुणी गल्लीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राही. जिला सुटलेली कुणी पाहिलीच नाही ती म्हैस फार चपळ आहे, भिंतीवरून उडी मारते, अशी तिची कीर्ती झाली. सयाजीची धाप मात्र खरोखर लांबत चालली होती. हाक द्यायला पुरेल एवढा श्वास शिल्लक राहू लागला, तेव्हा त्याला मनातून मास्तरांची आठवण झाली आणि मनातच लाजही वाटली.

एके सकाळी शेजारची विठाबाई धावत अंबूबाईच्या गोठ्यात शिरली. "अगं अंबू, बसलीस काय! तुझी म्हस परत सुटली! मालक बिचारा शिवाजी पुलाकडं पळतोय!"

अंबूबाई तेव्हा चंद्रीची धार काढत होती. तिनं एकदा विठाबाईकडं बघितलं, एकदा चंद्रीकडं. चंद्रीनं शेपूट हलवलं.

"कुठली म्हस?" अंबूबाई म्हणाली.

"हीच की!" म्हणताना विठाबाईनं चंद्रीकडं बोट केलं आणि बोट तसंच राहिलं.

सयाजी घामानं निथळत परत आला, तेव्हा अंबूबाई उंबऱ्यात बसलेली होती. "सापडली काय?" तिनं विचारलं.

सयाजी दावं पाठीमागं लपवू लागला.

"अवो, माझ्या माहेरची म्हस ती. गावभर उंडारणारी केली तिला तुमी! काल पेठेतली एक बाई मला म्हणती, 'तुमी वैरण घालत न्हाईसा, म्हनून पळती.' दोन घरांनी दूध बंद केलं. म्हंत्यात, धावऱ्या म्हशीचं दूध पातळ असतंय."

"अगं, मॅचसाठी पळतोय..."

"मग पळा की! पर सोताच्या नावावर पळा. मुक्या जनावराच्या नावावर कशाला?"

खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "रईवार जाऊ दे. मग सांगतो समद्यास्नी."

"विठाबाईला मी गप बसवलंय. पर रईवारनंतर तुमी बोलला न्हाईसा तर मी बोलणार."

रविवार उजाडला. टॉवरपाशी मगदूम मास्तर एकटेच, शब्द दिल्याप्रमाणे. सयाजी रिकाम्या हातानं निघाला. शालिनी पॅलेस मागं पडला. गेल्या खेपेला जिथं गाडी भेटली होती ती जागा आली आणि गेली. पायांत गोळे होते, पण पाय चालत होते. छातीत भाता होता, पण तो फुटत नव्हता. आता फक्त घाट ओलांडायचा, की पुढं टॉवर.

घाटावर रविवारची म्हशींची आंघोळ चालली होती. गवळ्यांनी मान वर केली. त्यांनी काय पाहिलं? सयाजी नलवडे पळतोय, तोंड लाल, आणि आज हातात दावंसुद्धा नाही!

"आरं, दाव्यासकट गेली!" एक जण ओरडला. "धरा रं!"

पाण्यातली एक म्हैस नुकतीच काठाला चढत होती. दोघांनी तिच्या शिंगांना मिठी मारली, तिसऱ्यानं शेपूट धरलं, आणि तिला ओढत थेट सयाजीच्या वाटेवर आडवी घातली. "धरली, सयाजीराव! धरली!"

"सोडा ती! माझी म्हस हाय!" पाण्यातून तिचा खरा मालक बोंबलत होता.

"तुझी कशी? सयाजीरावाची हाय! रोज पळती!"

एका बाजूला पाणी, एका बाजूला भिंत, मधे म्हैस. सयाजी जागच्या जागी पाय उचलत राहिला. पण तिकडं हमरीतुमरी पेटली. भांडणात कुणी तरी पाण्यातून वर आलेल्या मालकाच्या गळपट्टीला धरलं आणि 'चोर' म्हटलं. सयाजीचे पाय हळू झाले. मग तो थांबला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, सगळा साठवलेला श्वास एकवटून ओरडला,

"सोडा त्याला! माझी म्हस घरी हाय! कवाच सुटली न्हवती! मीच पळतोय!"

मालकाची गळपट्टी सुटली.

"कशाला?" शेपूट धरलेल्यानं विचारलं.

"दम न्हाय म्हनून," सयाजी म्हणाला. "पोरांच्यात मी एकटाच नापास झालोय म्हनून. लाज वाटली म्हनून म्हशीचं नाव घेतलं."

कुणी तरी फिस्सकन हसलं, मग सगळा घाट हसला. पाण्यात बसलेली माणसं पाणी उडवून उडवून हसली. सयाजी त्या हसण्यातून वाट काढत पुन्हा धावू लागला आणि टॉवरपाशी पोचला.

घाटाच्या वळणापलीकडचं मास्तरांना काही दिसलं नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला होता. "सयाजीराव! जमलं की!"

सयाजीनं कपाळावरचा घाम पुसला. घाटावर हसणाऱ्यांपैकी कुणालाही आजची परीक्षा ठाऊक नव्हती. 'व्हय' म्हटलं असतं तर काम झालं होतं.

"न्हाय मास्तर," तो म्हणाला. "थांबलो."

मास्तर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. एका शब्दानं माफ करता आलं असतं. पण पोरं त्याच नियमानं आत आली होती. "मग या खेपेला..." ते म्हणाले.

"व्हय," सयाजी म्हणाला.

फायनलला सयाजी रेषेबाहेर बाकावर बसला, अंगात संघाचा शर्ट, हातात लिंबाची पिशवी. गॅलरीतून हाका येत होत्या: "सयाजीराव, आज म्हस आली न्हाय काय मॅचला?" त्याच्या जागी एक बारकं पोरगं फुलबॅक खेळत होतं, आणि वाईट म्हणजे बरं खेळत होतं. उत्तरार्ध आला. या वेळी कुणी चहाला गेलं नाही, कारण गुडघ्यावर हात ठेवून उभे होते ते समोरचे अकरा जण. चिंचबागेची पोरं अजून पळत होती. शेवटच्या घटकेला चेंडू गोलात गेला. गणपतरावांनी फेटा उडवला, मास्तरांना खांद्यावर घेतलं, आणि त्यांचं उदबत्तीसारखं अंग गर्दीवर डुलू लागलं.

संध्याकाळी कप घेऊन मिरवणूक निघाली. सयाजी घरी येऊन पडवीत भिंतीला टेकून बसला होता. अंबूबाई म्हणाली, "जिंकलासा म्हनं."

"जिंकली पोरं."

"मग त्वांड असं का?"

सयाजी गोठ्याकडं बघत म्हणाला, "अंबू, गोल झाला तवा समदी उठली. मी उठलो न्हाय. टाळी वाजवली न्हाय. पंधरा वर्सं ज्याची वाट बघितली त्यो गोल झाला, आणि माझ्या मनात आलं, चुकला असता तर बरं झालं असतं. माझ्याबिगर कशाला?" त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "घाटावर समद्यांसमोर बोललो, त्याची एवढी लाज न्हाय वाटली मला."

अंबूबाईनं त्याची समजूत घातली नाही. आमच्या पेठेत तशी रीत नाही. ती म्हणाली, "मिरवणूक अजून गंगावेशीत हाय. टाळ्या वाजवायच्या ऱ्हायल्या असतील तर जावा आणि वाजवा."

सयाजी उठला. गंगावेशीच्या कोपऱ्यावर पोचला, तेव्हा मास्तरांना बसवलेली गाडी पुढं निघून गेली होती आणि पोरं गुलालात न्हालेली मागून नाचत येत होती. कप त्या बारक्या फुलबॅकच्या डोक्यावर होता. सयाजी कडेला, बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. ढोल-ताशाच्या गजरात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. पोरं पुढं गेली, तरी त्याचे हात थांबले नाहीत.