आत्याच्या वतीने

मी आज जो कोणी आहे तो गोदाआत्यामुळे. हे वाक्य मी सत्काराच्या भाषणांत इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते म्हणताना जीभ अडत नाही. त्या वाक्याच्या पुढचं मात्र मी कधीच बोललो नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतो आहे — ते मलाही नीट माहीत नाही.

गोदाआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. लग्न झालं नाही. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावात तिला शाळेने घेतलं नाही, तेव्हा तिने आपली भाषा आपणच हातांनी घडवली. आई सतत आजारी, त्यामुळे मला वाढवलं आत्याने. तोंडाने बोलण्याआधी मी तिच्यासारखा हातांनी बोलू लागलो. हनुवटीला बोट लावलं की ते माझं नाव — तिथे माझ्या पडल्याचा व्रण आहे. सातवीनंतर बाबांनी मला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावायचं ठरवलं, तेव्हा ती माझं दप्तर पोटाशी धरून दारात बसली. दोन दिवस जेवली नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या दारातून बाहेर पडला.

दुकानात, दवाखान्यात, लग्नाकार्यात मी तिचा दुभाष्या. तुम्हाला वाटेल, इकडचं तिकडे सांगायचं, एवढंच काम. तसं ते कधीच नव्हतं. लग्नात एखादी बाई म्हणायची, “हिले काहून आणलं?” आत्या माझ्याकडे बघायची — काय म्हणाली? मी सांगायचो, तुझं लुगडं छान आहे म्हणते. आत्या खूश. डॉक्टर घाबरवणारं बोलले तर मी निम्मंच सांगायचो. तिला दुखवायचं नाही, एवढंच मनात होतं. खरंच एवढंच? की दोघांच्या मध्ये उभा असलेला माणूसच ठरवतो, कुणाला काय कळायचं — याची गोडी मला तेव्हाच लागली होती?

मी लांबण लावतो आहे. कळतं मला.

आजोबांनी जाताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, रस्त्याकडचे दोन एकर गोदीचे, तिला पुढे कोणी नाही. कागदावर मात्र बाबांचं आणि तिचं नाव एकत्रच लागलं. ते दोन एकर ती स्वतः राबायची. कापूस वेचायच्या पहिल्या दिवशी दहीभात शिंपडून सीतादहीची पूजा करायची, आणि पहिलं बोंड मलाच वेचायला लावायची.

मी अमरावतीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. एका खोलीत सहा जण. बाबांना शेत विकून अमरावतीत घर घ्यायचं होतं. मलाही ते घर हवं होतं. हे मुद्दाम लिहितो — बाबा आता नाहीत, सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. विकायचं तर आत्याचं हक्कसोडपत्र लागणार. आमच्याकडे बहिणी त्यावर सही करतात, साडी घेतात आणि परत जातात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बाबांनाही वाटलं नाही. नोंदणीच्या ऑफिसात जाताना वाटेत ते एवढंच म्हणाले, “साह्यब विचारन. तू हो म्हन, बाकी मी पायतो.”

साहेब भला माणूस होता. त्याने आत्याला खुर्ची द्यायला लावली. मग मला म्हणाला, “यांना नीट विचार. जमिनीवरचा हक्क सोडताहेत, हे समजलंय का? स्वखुशीने करताहेत का?”

मी आत्याकडे वळलो. आमच्या हातांच्या भाषेत शेत होतं. विकणं होतं. ‘तुझं आता राहणार नाही’, हेसुद्धा होतं. एकाही शब्दाची अडचण नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती, बाबा माझ्या तोंडाकडे.

मी हातांनी विचारलं — थकलीस? चहा घेशील?

तिने दोनदा मान डोलावली.

“हो म्हणते साहेब. खुशीनं.”

बाजूचा कारकून हसला. “हे भाषा आमच्या मंडळीले शिकव बाबू. घरी जराशीक शांतता राईन.” सगळे हसले. मीही हसलो.

आत्याने अंगठा दिला आणि शाई केसांना पुसली. कशाचा कागद, तिने विचारलं. मी माझ्याकडे बोट दाखवलं, मग तळहात पुस्तकासारखे उघडले. तिने तिथेच माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली.

पुढच्या हंगामात ती पेरणीला बियाणं घेऊन शेतावर गेली, तर तारेचं कुंपण. मला अमरावतीहून बोलावून घेतलं. तिने तार दाखवली — हे काय? मी म्हणालो, ठेक्याने दिलं आहे, परत मिळेल. दर दिवाळीला ती विचारत राहिली, ठेका कधी संपणार. मी दर दिवाळीला एक बोट वर करत राहिलो — अजून एक वर्ष.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की विचारलं असतं तरी ती ‘हो’च म्हणाली असती, माझ्यासाठी तिने काय केलं नाही? पण हेही मीच तिच्या वतीने ठरवलेलं. ती काय म्हणाली असती ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

आता मी अकोल्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतो. कोर्टात दुभाष्या लागला की मला बोलावतात. तिथे आधी शपथ घ्यावी लागते — जे सांगितलं जाईल तेच सांगेन, पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही. दर वेळी शपथ घेतो. नव्या मुलांना हे दुभाष्याचं काम मीच शिकवतो. काय शिकवत असेन, सांगा.

त्यातलीच एक निकिता, धामणगावचीच. वर्षभर दर रविवारी ती आत्याकडे जाते, तिच्या खुणा वहीत उतरवून घेते. मागच्या महिन्यात तिने मला विचारलं, “सर, आजी एक गोष्ट सारखी विचारतात, मले समजत नाही. तार ओढल्यासारखं करतात, मग हनुवटीले बोट, मग कधी म्हणून. काय म्हणत असतील?”

मी म्हणालो, मी गावाला कधी येणार असं विचारते.

तिने ते वहीत लिहून घेतलं. चुकीचा अर्थ, माझ्या तोंडचा — आता दुसऱ्या माणसाच्या अक्षरात. आत्याला समजून घेणारं आणखी एक माणूस मिळालं होतं, आणि मी तिथेही मध्ये जाऊन उभा राहिलो. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पत्र लिहिलं आणि निकिताच्या पत्त्यावर टाकलं. ते असं —

निकिता, हे पत्र गोदाआत्यासाठी आहे. तिच्यासमोर बसून सांग. जसंच्या तसं सांग, काही मऊ करू नकोस. ती काय म्हणाली ते मला कळवायचं बंधन तुझ्यावर नाही. तारेचा मी सांगितलेला अर्थ खोडून टाक.

आत्या, मी येऊन सांगितलं असतं तर पुन्हा माझ्याच हातांनी सांगितलं असतं. त्या हातांनी तुला खोटं सांगितलं आहे, म्हणून दुसऱ्याचे हात पाठवतो. शेत ठेक्याने दिलेलं नाही. ते विकलं. परत मिळणार नाही. मला तेव्हापासून माहीत होतं. तू अंगठा दिलास तो कागद माझ्या शाळेचा नव्हता, तुझं शेत सोडून दिल्याचा होता. त्या दिवशी खुर्चीवरच्या साहेबाने तुला विचारलं होतं, शेत खुशीने सोडतेस का. मी तुला विचारलं, चहा घेशील का. तू चहाला हो म्हणालीस.