सरांचा कार्बन

बेंबळीच्या कॉलेजात अकरावीला आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर जुन्या वहीतल्या नोट्स फळ्यावर उतरवायचे आणि त्यालाच शिकवणं म्हणायचे. एकदा त्यांनी कार्बनचे सहा इलेक्ट्रॉन भरून दाखवले. दोन एस ऑर्बिटलांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ठरलेल्या जागांमध्ये, दोन-दोन बसले, तिथवर ठीक होतं. उरलेले दोन त्यांनी पी ऑर्बिटलच्या तीन चौकटींपैकी पहिल्याच चौकटीत कोंबले.

मी उठून म्हणाले, "सर, पुस्तकात ते वेगवेगळ्या चौकटींत आहेत. सारख्या ऊर्जेच्या जागा मोकळ्या असल्या की ते आधी एकेकटे बसतात."

"छपाईची चूक आहे ती," असं म्हणून सरांनी सगळ्या वर्गाला पेननं पुस्तक दुरुस्त करायला लावलं. मी सोडून सगळ्यांनी केलं. त्यांच्या आवाजातल्या त्या रुबाबाची मला तेव्हापासून किळस येऊ लागली.

पुढं तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी आम्हा दोघी मैत्रिणींना एकत्रच बोलावलं आणि मैत्रिणीला नेमका कार्बनच विचारला. तिनं सरांनी शिकवला तसा काढला. मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. शेजारी उभे असलेले सर हसून म्हणाले, "लई सांगितलं, पण या पोरी ध्यानच देत न्हाईत."

मैत्रिणीचे डोळे भरून आले. मी तिच्या दप्तरातून पुस्तक काढून मॅडमपुढं ठेवलं. "सर, हे तुम्हीच खोडायला लावलं होतं."

मॅडमनी ते पान पाहिलं आणि मैत्रिणीला योग्य आकृती समजावून पुन्हा काढायला लावली. सर मोबाईल कानाला लावून बाहेर गेले. मोबाईल वाजलाच नव्हता.