लिंपलेली भिंत

माझी नोकरी देवासची, पण काम धार जिल्ह्यातल्या गावांत. डासांच्या औषधाची फवारणी झालेल्या भिंतीवर प्लास्टिकचा शंकू चिकटवायचा, त्यात दहा डास सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी किती मेले ते बघायचं.

डही गावाजवळच्या एका वस्तीत फवारणीला महिनाही झाला नव्हता. आदल्या दिवशी निरोप पाठवून गेलो, तर घर शेणामातीने नुकतंच लिंपलेलं. औषध सगळं मातीखाली! घरातल्या बाईवर मी भडकलोच, "लीपना मत, कितनी बार बोला था?"

ती खाली मान घालून म्हणाली, "आप लोग आने वाले थे साहब, इसलिए लीपा."

पाहुणा यायचा तर घर नीटनेटकं हवं. म्हणजे औषध तपासायला आम्ही येणार, म्हणूनच ते झाकलं गेलं. डास अर्थातच सगळे जगले.

त्या घरात पुन्हा फवारणी करून घेतली. पुढच्या खेपेला मुद्दाम न कळवता गेलो. भिंत पुन्हा ओली, बोटांचे फराटे ताजे. मी तोंड उघडणार, तोच दाराशी बसलेला तिचा नवरा म्हणाला की ती मलेरियाने गेली, कालच सुतक फिटलं, म्हणून घर लिंपलं.

सुतक फिटल्यावर आमच्याकडेही आधी घरच धुऊन काढतात.

अशा घरासाठी आमच्या तक्त्यात एकच रकाना आहे : 'भिंत लिंपलेली'. मी तिथे खूण केली.