पेशीवर जाणारा माणूस

माझा राग नाकावर असतो, असं गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात सगळे म्हणतात. असेल. पण हे सांगताना मी तो आवरणार नाही, कारण ज्या माणसाने रागवायला हवं होतं तो, म्हणजे आमचे हे, कधी रागावलेच नाहीत. त्यांच्या वाटचाही राग मलाच करावा लागला.

हे गोंदियाच्या एका सेठच्या सर्विस मोटरवर, म्हणजे खाजगी बसवर, ड्रायव्हर होते. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील, आमचं लग्नही तेव्हाचंच. गोंदियाहून सकाळी निघायचं, गोरेगाव, कोहमारा, सडक अर्जुनी करत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. सेठच्या पाच-सहा मोटारी होत्या आणि सगळ्याच गच्च भरून जायच्या. आत माणसं, मागच्या शिडीवर माणसं, टपावर धानाची पोती आणि पोत्यांवर पुन्हा माणसं. रस्त्यात कुठे ना कुठे पोलीस जमादार हात दाखवून मोटर थांबवायचा. सवारी जास्त, नाही तर मागचा दिवा बंद, नाही तर भोंगा वाजत नाही. झालं, चालान.

आता चालान झालं की कोर्टाची पेशी, म्हणजे तारीख, आली. आणि ज्याची पेशी त्याची मोटर एक दिवस उभी. हे सेठला परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने एक सोय करून ठेवली होती. सगळ्या ड्रायव्हरांची लायसनं तो आपल्या कपाटात ठेवायचा. जमादाराने कोणालाही अडवलं, तर त्याने सांगायचं, लायसन सेठकडे आहे, आणि नाव सांगायचं आमच्या ह्यांचं. मग ठाण्यात लायसन जायचं तेही ह्यांचंच. महिन्याकाठी सगळ्या केसी एकदम लागायच्या आणि हे एकटे जाऊन सगळ्या निपटून यायचे. जमादाराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला कागदावर नाव पाहिजे होतं, माणूस कोणताही चालत होता.

ह्यांनाच का निवडलं? कारण हे गरीब गाय. कोर्टात कोणी आवाज चढवला तर दुसरा एखादा ड्रायव्हर उलटून बोलला असता. हे हात जोडून उभे राहायचे. साहेब विचारायचे, गुन्हा कबूल? हे म्हणायचे, कबूल साहेब. दंड सेठ भरायचा, साहेब लायसनवर शेरा मारायचे आणि हे मला गोंदियाची जिलबी घेऊन यायचे. पेशीचा दिवस ह्यांना सणासारखा वाटायचा. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. मला पाहूनच संताप यायचा.

"अजी, लोकांचे गुन्हे आपल्या नावावर कायले घेऊन राहिले तुम्ही?" मी विचारायची.

"अवो, ते कागदावरचं नाव व्हय. मोटर तर मी नीटच चालवून राहिलो ना!"

आणि ते खरं होतं, हे मी बायको म्हणून नाही सांगत. ह्यांच्या मोटरीत म्हातारी माणसं मुद्दाम थांबून बसायची. बैल आडवा आला तर हे मोटर थांबवून खाली उतरायचे आणि बैलाला हाकलून मग पुढे जायचे. ह्यांच्या हातून कोंबडीसुद्धा कधी मेली नाही.

मग आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. त्याच सुमारास बातमी आली की आता खाजगी सर्विस बंद, सरकारी मोटारी येणार, आणि जुन्या ड्रायव्हरांना परीक्षा घेऊन नोकरीवर लावणार. खाकी कपडे, महिन्याला पगार, म्हातारपणाची सोय. आमच्याकडे तेव्हा एक मुलगा होता आणि दुसरं पोटात होतं. मी तर मनातल्या मनात ह्यांचा खाकी कोट शिवूनही टाकला होता.

परीक्षेला सेठचे सगळे ड्रायव्हर गेले. ह्यांनी अशी मोटर चालवली की परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, वा! अरुंद जागेत उलटी लावली, चढावर थांबवून अलगद उचलली. मग साहेबांनी लायसन उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्यांचं तोंडच बदललं. इतक्या केसी? इतकी वर्षं तू सवाऱ्यांच्या जिवाशी खेळत होतास काय? हे नेहमीच्या सवयीने हात जोडून उभे राहिले. नोकरी तर गेलीच, वर लायसन पुढे चालू ठेवायलाही त्यांनी नाही म्हटलं. बाकीच्या सगळ्यांची लायसनं कोरी. त्या सगळ्यांना घेतलं.

घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "नाई जमलं." भाकर तशीच ठेवून निजले.

मी सेठकडे गेले. गोंदियाला एकटी बाई गेले, बैलबंडीत बसून, भांडायलाच गेले. त्याने मोटारी विकून राईस मिल काढली होती. तांदळाच्या भुशात उभा राहून मला म्हणाला, "मेरे को क्या पूछती हो बाई? कबूल तो तुम्हारे आदमी ने किया था." त्या मेल्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

गोंदियाच्या कोर्टासमोर एक अर्ज लिहिणारा बसायचा. त्याने मला वाट दाखवली. म्हणाला, अपील करता येईल, महिनाभराची मुदत आहे. लायसनवरची एक जरी केस खोटी आहे असं पक्कं दाखवलंत, तर बाकीच्याही खोट्याच, हे साहेबांना पटेल. पण त्यासाठी जुनी फाइल पाहिजे. निकाल लागलेल्या फाइली तेव्हा भंडाऱ्याला जात, कारण जिल्हा भंडारा. मी ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, कायले उगाच! मी म्हटलं, तुम्ही नका बोलू, फक्त सोबत या.

भंडाऱ्याच्या रेकॉर्डखोलीत एक म्हातारे बाबू होते. भले माणूस. पोटुशी बाई पाहून त्यांनी मला स्टूल दिलं आणि लायसनवरच्या तारखा पाहत एकेक फाइल काढून देऊ लागले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण मराठी-हिंदी मला वाचता येत होतं. मी वाचत गेले. फलाण्या दिवशी फलाण्या नाक्यावर सवारी जास्त. फलाण्या दिवशी दिवा बंद. खाली ह्यांची सही, बाळबोध, गोल गोल. पण त्या दिवशी हे तिथे नव्हते, हे कसं दाखवायचं? पाच वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी आपण कुठे होतो, हे कोणाला आठवतं? आमच्या घरात कोणी रोजनिशी लिहीत नव्हतं. दुपारपर्यंत माझा सगळा जोर ओसरला.

मग एक फाइल आली. कोहमाऱ्याचं चालान. जमादाराने हिंदीत लिहिलं होतं, ड्रायव्हरचं म्हणणं असं की काल पोळा होता, पाहुणे आपापल्या गावी परत जात आहेत, म्हणून सवारी जास्त झाली. वर्ष पाहिलं. त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

आमची पहिली मुलगी होती. दीड वर्षाची. त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे होते आणि ती माझ्या मांडीवर तापाने फणफणत होती. संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी तिला फडक्यात गुंडाळून नेलं आणि नाल्याकाठी माती दिली. परत येऊन दिवसभर ओसरीवर बसून होते. सगळं गाव येऊन गेलं. आणि कागद सांगत होता की त्या दिवशी हे कोहमाऱ्याला मोटर हाकत होते. खाली ह्यांची सही होती. म्हणजे मूल गेल्यावर थोड्या दिवसांनी हा माणूस कोर्टात उभा राहिला होता आणि म्हणाला होता, होय साहेब, त्या दिवशी मोटर मीच चालवत होतो.

मला रडू आलं आणि त्याच वेळी आनंदही झाला. आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझ्या पोरीने मरून बापाची नोकरी राखली, असंच मला वाटलं. बाबूंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ही केस पक्की आहे. सारा गाव साक्षीला येईल. नक्कल काढून देतो. मात्र साहेब एक गोष्ट विचारतील. त्या दिवशी मोटरवर कोण होतं, ते तुम्हाला सांगावं लागेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठून बाहेर गेले.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली पक्षकार लोक शिदोऱ्या सोडून बसले होते. हे एका बाजूला उभे होते. मी विचारलं, "कोन होता?"

ह्यांनी नाव सांगितलं. सेठकडच्या ड्रायव्हरांत सगळ्यात लहान होता तो. आमच्या घरी जेवून जायचा, मला वैनी म्हणायचा. त्यालाही आता सरकारी नोकरी मिळाली होती.

"मंग सांगा ना साहेबाले! काऊन गप्प बसून राहिले?"

"बाकीच्या साऱ्या केसी सांग," हे म्हणाले. "ही नको."

"बाकीच्यांचा पुरावा कुठी हाय?"

"नसू दे. त्या दिवशी फेरी माही होती. सेठ सुट्टी देत नव्हता. तो पोळ्याच्या दिवशी दिवसभर मोटर चालवून थकून आला होता, तरी म्हणे, भाऊ, तुमी पोरीपाशी राहा, मी जातो. तो गेला म्हून मले पोरीले माती देता आली. नाई तर मी त्या दिवशी खरंच कोहमाऱ्याले असतो. आता त्याचं नाव सांगू? त्याची नोकरी घेऊ?"

"अन् आपलं काय? पोटातल्याले काय चारू?"

मी तिथेच, चारचौघांत, ह्यांना नाही नाही ते बोलले. बुळे आहात, असंही म्हटलं. लोक भाकर खायची थांबून पाहू लागले. हे ऐकत राहिले. मग ह्यांनी लोटाभर पाणी आणून दिलं. नक्कल आम्ही घेतली नाही. मुदत संपली. लायसन गेलं ते गेलंच.

त्यानंतर हे मोठ्या भासऱ्यांच्या, म्हणजे आपल्या थोरल्या भावाच्या, धानाच्या बांध्यांत राबू लागले. ज्या हातांना स्टेअरिंगची सवय, त्या हातांनी रोवण्याच्या दिवसांत चिखल उपसायचे. बंडी हाकताना वळण आलं की ह्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा, क्लच दाबावा तसा. मला ते पाहवत नसे. मी दुसरीकडे तोंड करून बसायची. मला वैनी म्हणणारा तो पोरगा मात्र ह्या सगळ्या दिवसांत एकदाही आमच्या उंबऱ्यावर आला नाही. कुठून तरी त्याला सारं कळलं होतं म्हणतात. मी त्याच्यासाठी शिव्या साठवून ठेवल्या होत्या.

पुढे पहिली सरकारी मोटर गोरेगावात आली. बाजाराचा दिवस होता. बायका ओवाळायला, पोरं बोंबलायला, सारा गाव जमा. मीही लेकराला कडेवर घेऊन गेले, हेही आले. मोटरीतून खाकी कपड्यांत उतरला तो हाच. हार घातले, नारळ फोडला. मग तो वर चढून बसला आणि मोटर परत फिरवायला लागला. तलावाच्या पाळीजवळची, म्हणजे बांधाजवळची, जागा अरुंद, मोटर मोठी, आणि ह्यांना पाहून तो घाबरला असावा. मागचं चाक पाळीच्या पार कडेला आलं. लोक ओरडायला लागले. तेव्हा हे गर्दीतून पुढे झाले, मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने इशारा करू लागले, येऊ दे, येऊ दे, थांब, आता स्टेअरिंग काप. एका दमात मोटर फिरली.

तो खाली उतरला. सगळ्यांसमोर त्याने ह्यांच्या पायांना हात लावला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. माझ्या शिव्या ओठांपर्यंत आल्या होत्या, पण त्याच्याकडे पाहून मला एकही शिवी आठवेना.

"भाऊ," तो म्हणाला, "बसा ना. शाळेपर्यंत अन् परत. तुमीच चालवा. कोनी काई म्हनत नाई."

ह्यांनी मोटरीच्या दाराला हात लावला. आत वाकून पाहिलं, स्टेअरिंग, गिअरचा दांडा, नवी कोरी गादी. किती वेळ पाहत राहिले. आयुष्यात मी देवाजवळ इतकं कळवळून काही मागितलं नसेल. बस म्हणा माझ्या माणसाला, एकदा बसू दे, एवढंच मागत होते.

हे मागे सरले.

"नाई गा," म्हणाले. "माह्याजवळ लायसन नाई. कोनी पाहिलं तं केस तुह्या नावावर लागंल."

तो खाकी कपड्यांतला पोरगा भर बाजारात हमसून हमसून रडायला लागला. ह्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "चाल, निघ आता. सवाऱ्या बसून राहिल्या."